मालवाहू ईकोत जादा लाईट: सप्लाय कुठून, फ्यूज कुठे, रिले कशाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुरंदर तालुक्यातला एक तरुण शेतकरी शेवंती-झेंडूचे क्रेट मारुती ईको कार्गोमधून पहाटे पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेतो. माल शेतावर अंधारातच भरावा लागतो. म्हणून गाडीच्या आत दोन लाईट आणि मागच्या दारापाशी एक जोरदार लाईट हवा आहे. घरी एलईडी पट्टीचा रोल पडून आहे, घराच्या वायरिंगमधून उरलेली वायरही आहे. गाडीच्या छतावरच्या लाईटमधून सप्लाय ओढला तर चालेल का, वायर कोणती वापरायची, रिले (विजेने आपोआप पलटणारा स्विच) लागतो का आणि बॅटरी उतरेल का, असं त्याने विचारलं आहे. गाडीच्या वायरिंगला याआधी कधी हात लावलेला नाही.

काम तुम्ही स्वतः करू शकता, आणि नीट केलंत तर ते गाडी आहे तोवर टिकेल. फक्त एक गोष्ट आधी मनात पक्की करा. घरातल्या वायरिंगमध्ये आपण शॉकला घाबरतो. गाडीत 12 व्होल्टचा शॉक लागत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो, आणि इथेच घोळ होतो. गाडीत भीती आगीची आहे. स्टार्टर फिरवताना हीच बॅटरी क्षणभर शंभर-दोनशे अँपियर देते. तेवढा करंट सुतळीएवढ्या वायरीतून गेला तर काही सेकंदांत तिचं प्लॅस्टिक पेटतं. घरात असं झालं तर एमसीबी पडतो. गाडीत तुम्ही ओढलेल्या वायरीवर तुम्ही बसवाल तोच फ्यूज, दुसरं कोणी वाचवायला नाही. आणि गाडीचा सगळा पत्रा म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह. पॉझिटिव्ह वायर कुठेही घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली की शॉर्ट झालीच. म्हणून प्रत्येक टप्प्यावर स्वतःला हेच विचारा, की ही वायर इथे घासली तर काय होईल. लाईट लागणं तर सोपं आहे, दोन वायरी जोडल्या की तो लागतोच.

छतावरच्या लाईटमधून सप्लाय घेऊ नका. तिथे येणारी वायर बारीक असते, कारण कंपनीने ती एका छोट्या दिव्यापुरतीच ओढलेली असते. तिचा फ्यूज बहुतेक गाड्यांत एकट्या दिव्याचा नसतो, त्यावर आणखी दोन-तीन गोष्टी चालतात. तुमच्या लाईटने तो फ्यूज उडवला तर त्या गोष्टीही बंद पडतील, आणि पहाटे तीन वाजता कारण शोधत बसावं लागेल. तिसरं कारण नवख्याला हमखास चकवतं. छताच्या लाईटला पॉझिटिव्ह बऱ्याचदा कायम असतो आणि दाराचा स्विच निगेटिव्ह जोडतो-तोडतो. म्हणजे तिथल्या दोन वायरींना तुमचा लाईट जोडलात तर तो फक्त दार उघडल्यावर लागेल, आणि त्याचा सगळा भार दाराच्या इवल्याशा स्विचवर पडेल. कंपनीच्या वायरिंगला कुठेही न कापता, न सोलता, स्वतःची वेगळी लाईन बॅटरीपासून ओढायची. उद्या काही बिघडलं तर कंपनीचं वायरिंग आणि तुमचं वायरिंग वेगवेगळं तपासता येतं, हा फायदा फार मोठा आहे. बाजारात वायर न सोलता चिमट्यासारखे दाबून बसवायचे टॅप कनेक्टर मिळतात, तेही नकोत. ते आतल्या तारा अर्धवट कापतात आणि ओल शिरली की वर्षभरात जोड हिरवा पडतो.

आता भार काढू. मागे 18 वॅटचा वर्क लाईट पुरे होतो. त्याहून मोठा घेतलात तर क्रेट उचलणाऱ्याचे डोळे दिपतील. आत एक-एक मीटरच्या दोन पट्ट्या. पट्टीच्या रोलवर मीटरला किती वॅट ते छापलेलं असतं. बारीक एलईडीची, मीटरला 60 दिव्यांची पट्टी साधारण 4.8 वॅटची असते. मोठ्या चौकोनी एलईडीची, तितक्याच दिव्यांची पट्टी मात्र 14.4 वॅटपर्यंत जाते. बारीक पट्टी धरली तर एकूण अठ्ठावीस वॅट झाले. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपियर, म्हणजे 28 भागिले 12, साधारण 2.3 अँपियर. मोठी पट्टी असेल तर 47 वॅट, म्हणजे जवळपास 4 अँपियर. रोलवर 24 व्होल्ट लिहिलेलं असेल तर ती पट्टी तुमच्या कामाची नाही. 230 व्होल्टवर चालणारी दिवाळीची पट्टी तर गाडीत नकोच, आणि ती चालवायला इन्व्हर्टर लावायचा विचारही नको.

वायर दीडची, म्हणजे दीड स्क्वेअर मिलिमीटरची घ्या. तुमच्या भाराला त्याहून बारीकही चालली असती, पण बारीक वायरीत दोन तोटे आहेत. ती खेचाखेचीत लवकर तुटते आणि लांबीमुळे व्होल्टेज पडतं. दीड स्क्वेअर मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण 0.012 ओहम असतो. बॅटरीपासून मागच्या दारापर्यंत वळणं धरून पाच मीटर, जाऊन-येऊन दहा, म्हणजे 0.12 ओहम. त्यातून 2.3 अँपियर गेला तर पाव व्होल्टच्या आसपास पडेल, तेवढं डोळ्याला कळत नाही. हीच वायर अर्ध्या स्क्वेअरची असती तर पाऊण व्होल्टहून जास्त पडलं असतं.

घरातली उरलेली वायर वापरावी का? एकतारी असेल, म्हणजे आत एकच जाड तार असेल, तर अजिबात नको. गाडीच्या हादऱ्यांनी ती तार आतल्या आत तुटते आणि वरून काहीच दिसत नाही. बहुतारी असेल तर विजेच्या दृष्टीने ती चालेल, पण घरगुती वायरीचं आवरण साधारण 70 अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी असतं आणि तेल-पेट्रोलसाठी बनवलेलं नसतं. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, हे विसरू नका. त्या भागातून घरची वायर नेऊ नये. मी तर म्हणेन की दहा-बारा मीटर ऑटो वायर विकत घ्या. पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या दुकानांत मिळते, सासवडमध्येही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळेल. घेताना एक टोक सोलून आतली तार ब्लेडने खरवडून बघा. खरवडल्यावर आत तांबूस दिसलं तर तांबं. वर तांबूस आणि आत पांढरं निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. ती परत करा. अशी तार कमी करंट पेलते आणि थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीत, दाबल्यावर काही महिन्यांत सैल होते.

फ्यूज 5 अँपियरचा, फिकट तपकिरी रंगाचा ब्लेड फ्यूज. मोठी पट्टी लावणार असाल तर साडेसातचा, गडद तपकिरी. फ्यूज लाईटला वाचवतो असं बरेच जण समजतात. फ्यूज वायरीला वाचवतो. म्हणूनच त्याची जागा लाईटजवळ नसून बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ, वीतभर अंतरात. लाईटजवळ बसवलात तर बॅटरी ते फ्यूज ही चार-पाच मीटर वायर उघड्यावर राहिली, तिला कोणीच राखण नाही. दीडच्या वायरीवर पुढे कधी भार वाढला तर 10 अँपियरचा लाल फ्यूज ही मी वरची मर्यादा मानतो. 20 चा पिवळा किंवा 30 चा हिरवा फ्यूज हाताशी आहे म्हणून कोणी घालायला सांगितलं तर ऐकू नका. फ्यूज होल्डर पाणी न शिरणारा, रबरी झाकणाचा घ्या, आणि त्याच्या स्वतःच्या दोन्ही वायरी दीडपेक्षा बारीक नाहीत ना हे बघून घ्या. स्वस्तातल्या होल्डरची वायर पुष्कळदा नुसती जाड दिसते. जाडी प्लॅस्टिकची असते.

निगेटिव्हसाठी जवळच्या पत्र्याला स्क्रू मारून मोकळं व्हायची पद्धत आहे. सुक्या मालाच्या गाडीत ती चालते. तुमच्या गाडीत फुलांवर पाणी मारलेलं असतं, क्रेटमधून ते गळतं, मागचा पत्रा कायम ओला राहतो. तिथे मारलेला स्क्रू पावसाळ्यानंतर गंजतो, मग लाईट मिणमिणतो, आणि लोक लाईट बदलत बसतात. पॉझिटिव्हबरोबरच काळी निगेटिव्ह वायरही मागेपर्यंत न्या आणि पुढे एकाच ठिकाणी, बॅटरीजवळ कंपनीने जिथे बॉडी अर्थ घेतला आहे त्या बोल्टला, थिंबल लावून आवळा. तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन चोपडा. ही वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावू नये, असं माझं मत आहे. वर्क लाईटची बॉडी लोखंडी पट्टीने पत्र्याला जोडलेली असते, आणि काही लाईटमध्ये आतून बॉडीच निगेटिव्ह असते. अशा गाडीत इंजिनचा किंवा बॉडीचा मुख्य अर्थ कधी सैल झाला तर स्टार्टरचा करंट तुमच्या दीडच्या काळ्या वायरीतून परतीची वाट शोधेल. आणि निगेटिव्ह वायरीवर फ्यूज नसतो.

आता रिले. 2.3 अँपियरसाठी रिलेची गरज नाही, चांगला 12 व्होल्ट डीसी लिहिलेला 10 अँपियरचा स्विच एवढा भार सहज पेलतो. तरीही तुमच्या गाडीत मी रिले बसवायला सांगतो, त्याचं कारण वेगळं आहे. तुमचा मागचा लाईट पांढरा आणि मागे तोंड केलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 108 सांगतो, की चालत्या गाडीच्या मागून लाल सोडून दुसरा प्रकाश दिसू नये. गाडीच्या आतला उजेड, इंडिकेटर, नंबरप्लेटवरचा आणि रिव्हर्सचा दिवा असे अपवाद आहेत, वर्क लाईट त्यांत नाही. आणि नियम बाजूला ठेवला तरी, घाईत लाईट चालू राहिला आणि तुम्ही तसेच पुण्याकडे जाताना दिवे घाट उतरायला लागलात, तर मागून येणाऱ्याला वळण दिसणार नाही. मागचं दार काचेचं आहे, उजेड त्यातून बाहेर जातोच. हे लक्षात ठेवण्यावर सोडायचं नाही. गाडी चालू झाली की लाईट आपोआप बंद व्हायला हवा.

त्यासाठी पाच पायांचा साधा ऑटो रिले घ्या. त्याच्या पायांवर 30, 85, 86, 87 आणि 87ए असे आकडे असतात. हे जर्मन प्रमाणाचे आकडे जगभर वापरले जातात. 85 आणि 86 मध्ये आतलं कॉईल आहे. कॉईलला सप्लाय नसताना 30 आणि 87ए एकमेकांना जोडलेले असतात. सप्लाय मिळाला की 30 तिथून सुटून 87 ला जातो. आपल्याला 87ए वापरायचा आहे. बॅटरीकडून फ्यूज होऊन आलेली वायर 30 ला. 87ए वरून निघालेली वायर मागे लाईटकडे. 85 अर्थला. 86 ला इग्निशनचा सप्लाय, म्हणजे चावी ऑन केल्यावरच येणारा. 87 मोकळा ठेवा आणि त्यावर प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवा. चावी बंद असताना मागच्या लाईनला सप्लाय आहे, चावी फिरवली की कॉईल खेचतं आणि मागची सगळी लाईन मेली. चार पायांचा रिले याला चालत नाही. काही पाच पायांच्या रिलेंत मधला पायही 87 च असतो, 87ए नसतो; विकत घेताना बुडाशी छापलेला आकडा वाचा.

86 चा सप्लाय फ्यूज बॉक्समधून घ्या, पण तिथेही वायर सोलून नाही. फ्यूजच्या खाचेत बसणारा, वर दोन फ्यूज मावणारा अ‍ॅडाप्टर मिळतो, तो वापरा. मूळ फ्यूज त्यात परत बसवायचा आणि दुसऱ्या खाचेत 2 किंवा 3 अँपियरचा, कारण कॉईल जेमतेम 0.15 अँपियर घेतं. खाच निवडताना मल्टिमीटर लावून बघा: चावी बंद असताना शून्य, ऑन केल्यावर 12 व्होल्ट. वायपर किंवा सिगारेट लाईटर यांची खाच बरी. एअरबॅग, ब्रेकचं एबीएस आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) यांच्या खाचांना शिवायचं नाही. हे तपासायला बल्बवाला टेस्ट लॅम्प न वापरता मल्टिमीटरच वापरा, बल्बचा भार ईसीएमच्या नाजूक लाईनवर पडू देऊ नये.

या जोडणीने तुमच्या पट्टीचाही प्रश्न सुटतो. 12 व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टन्स असे गट असतात, म्हणूनच ती तीन दिव्यांच्या अंतरावर कापता येते. तीन पांढऱ्या एलईडी मिळून साधारण 9.6 व्होल्ट घेतात, उरलेले 2.4 रेझिस्टन्सवर पडतात. इंजिन चालू असताना गाडीचं व्होल्टेज 12 राहत नाही, 14 ते 14.4 पर्यंत चढतं. तेव्हा रेझिस्टन्सवर 4.8 च्या आसपास येतात, म्हणजे करंट जवळपास दुप्पट. पट्टी तापते आणि काही महिन्यांत एकेक गट काळा पडत जातो. गाड्यांत लावलेल्या पट्ट्या लवकर मरतात त्याचं मोठं कारण हे आहे. तुमची पट्टी इंजिन बंद असतानाच लागणार, तेव्हा बॅटरी 12.6 च्या आसपास असते, म्हणून ती टिकेल. इंजिन चालू असताना लाईट हवा असता तर मी पट्टी बाजूला ठेवून 9 ते 30 व्होल्ट लिहिलेले बंद डब्याचे लाईट घ्यायला सांगितलं असतं. पट्टीच्या मागचा डिंक मात्र ओलीत आणि उन्हात टिकत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये पट्टी बसवून वर झाकण लावा, चॅनेल छताच्या आडव्या पट्टीला रिव्हेट करा. सिलिकॉनचं आवरण नसलेली पट्टी असेल तर ती घरीच ठेवा, तुमच्या ओल्या गाडीत ती एक पावसाळाही काढणार नाही.

वर्क लाईट मागच्या दारावर बसवायचा मोह होतो, कारण दार वर उचललं की ते बरोबर डोक्यावर येतं. तिथे बसवू नका. दाराबरोबर वायर दर वेळी वाकते, आणि बिजागरीपाशी ती कधी ना कधी तुटते किंवा चिमटते. छताच्या आतल्या मागच्या कडेला, दाराच्या चौकटीच्या आत, तोंड मागे आणि किंचित खाली करून बसवा. दार उघडलं की उजेड बरोबर क्रेट ठेवायच्या जागी आणि तुमच्या पायाशी पडेल. लाईटवर आयपी 67, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा, असं लिहिलेलं असावं. वायर लाईटमध्ये खालून वर शिरेल अशी ठेवा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून आत न जाता खालच्या वळणावरून टपकेल.

स्विच डॅशबोर्डवर नको, मागच्या खांबावर हवा, छातीएवढ्या उंचीवर, रबरी टोपीचा. शेवटचा क्रेट ठेवून दार ओढताना हात तिथेच जातो. एक स्विच आतल्या पट्ट्यांना, एक मागच्याला.

बॅटरीचं म्हणाल तर काळजीचं कारण नाही. तुमच्या बॅटरीवर किती एएच (अँपियर गुणिले तास) लिहिलंय ते बघा. 35 एएच धरून हिशेब करतो. एक तास माल भरलात तर 2.3 एएच गेले, ते गुलटेकडीला पोचेपर्यंत अल्टरनेटर भरून काढतो. स्टार्टरच्या बॅटरीतून पाव हिस्सा, म्हणजे आठ-नऊ एएच, याहून जास्त ओढू नये. नव्या बॅटरीवर साडेतीन तास, तीन-चार वर्षं झालेल्या बॅटरीवर दोन तास, ही मर्यादा धरा. रात्रभर लाईट चालू राहिला तर मात्र अर्धी बॅटरी जाईल, आणि डिसेंबरच्या थंडीत जुनी बॅटरी मग स्टार्टर फिरवणार नाही. मल्टिमीटरने कधीमधी बघत जा: गाडी काही तास उभी राहिल्यावर 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे लाईट बंद करा. दुसरी बॅटरी बसवायची तुम्हाला गरज नाही.

कामाला लागताना हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडवा आणि काम संपल्यावर सगळ्यात शेवटी लावा. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला तर पूर्ण बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते. निगेटिव्ह सुटलेला असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही.

वायरीचा मार्ग बॅटरीपासून जवळच्या खांबातून वर, छताच्या कडेने मागे, असा ठेवा. खालून, फ्लोअरवरून नको: तिथे पाणी आहे, क्रेटची घासाघीस आहे, आणि फ्लोअरखाली पेट्रोल आणि ब्रेकचे पाईप आहेत. गाडी सीएनजीची असेल तर गॅसचा पाईपही आहे. फ्लोअरला भोक पाडायचंच नाही. सीएनजीच्या पाईपला वायर टायने बांधलेली मी अनेक गाड्यांत पाहिली आहे. आधार म्हणून सोयीची वाटते, पण वायर तापली तर ती नेमकी गॅसच्या पाईपवर तापेल. आणखी एक, सीएनजी हवेपेक्षा हलका असल्यामुळे गळती झाली तर तो छताशी साठतो. वास आला तर कुठलाही स्विच दाबू नका, आधी दारं उघडा. खांबाचं प्लॅस्टिक काढल्यावर पिवळी टेप किंवा पिवळा कनेक्टर असलेली वायर दिसली तर ती एअरबॅगची. नव्या गाड्यांत छताच्या कडेलाही एअरबॅग असू शकते. तिथून तुमची वायर न्यायची नाही, दुसरी बाजू शोधा, आणि शंका असेल तर एवढा एक टप्पा जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकाची कड झाकणारी रबरी कडी, हवाच. भोक पाडल्यावर कड कानसने घासा, रंगाचा हात फिरवा, मग ग्रॉमेट बसवा. पूर्ण वायर काळ्या कोरुगेटेड पाईपमध्ये घाला आणि वीत-दीड वीत अंतरावर टाय मारा. वायर ताणलेली नको आणि लोंबतीही नको. जोड शक्यतो कमी, आणि आहेत ते थिंबल किंवा स्लीव्ह क्रिंपिंगच्या पकडीने दाबून, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवून. पिळा मारून टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात टिकत नाही. बंद गाडी उन्हात तापली की टेपचा डिंक वितळतो आणि टेप सुटून येते. दाबलेला जोड जोर लावून ओढून बघा. सुटला तर आत्ता सुटलेला बरा.

सगळं जोडून झालं की लगेच फ्यूज घालू नका. फ्यूज होल्डरच्या दोन टोकांत इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडा, बॅटरीचा निगेटिव्ह लावा, आणि मागचे स्विच बंद ठेवून बघा. घरच्या वायरमनची सिरीज बल्बची युक्तीच ही. बल्ब पूर्ण प्रखर पेटला तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. बल्ब पावणेदोन अँपियरपेक्षा जास्त जाऊ देत नाही, म्हणून काही जळत नाही. बल्ब विझलेला राहिला तर लाईन ठीक. आता दोन्ही स्विच चालू करा: बल्ब थोडा पेटेल, लाईट मंद लागतील, तसंच व्हायला हवं. मग बल्ब काढून फ्यूज बसवा. चावी ऑन करून मागचे लाईट विझतात का बघा. मग चावी बंद करून अर्धा तास लाईट चालू ठेवा आणि प्रत्येक जोडाला, फ्यूज होल्डरला, रिलेला हात लावा. कोमट लागलेला जोड कापून नव्याने करा. शेवटी मल्टिमीटर बॅटरीवर आणि मग मागच्या लाईटच्या टोकाशी लावा, दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर अर्थचा बोल्ट आधी तपासा.

पुढे कधी फ्यूज उडाला तर तसाच दुसरा फ्यूज एकदा घालून बघा. तोही उडाला तर तिसरा घालू नका, आणि मोठा तर मुळीच नको. कागदावर वायरीचा मार्ग काढून ठेवला असेल तर शोधायला वेळ लागत नाही. आधी मागचा स्विच आणि त्याच्यामागची वायर बघा, कारण क्रेट तिथेच आपटतात. मग वर्क लाईटमध्ये शिरणारी वायर. मग खांबातलं भोक आणि तिथला ग्रॉमेट जागेवर आहे का ते. तोवर फ्यूज काढून ठेवा आणि टॉर्चवर माल भरा. लाईन वेगळी असल्यामुळे गाडी त्याशिवायही सुरू होईल, हेडलाईट-हॉर्नला काही होणार नाही, माल वेळेत यार्डात पोचेल.